खिंड कोण लढवतो?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या वळणावर गेलेले कल्पनारम्य भूमिकाखेळ जिथे जिथे खेळले जातात, तिथे एक वाद पन्नास वर्षे मिटलेला नाही: शत्रू हाताच्या अंतरावर आला की कोणता क्लास, म्हणजे पात्राचा कोणता प्रकार, सर्वांत बलवान? फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन की मंक? या वादाचा निकाल लावण्याची आता एक ठरलेली पद्धत झाली आहे. वार लागण्याची शक्यता काढायची, तिला एका वारातल्या सरासरी इजेने गुणायचे, एका फेरीतल्या वारांची बेरीज करायची आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या गळ्यात माळ घालायची. ही पद्धत वापरणारे लोक आळशी नाहीत. नियम त्यांनी बारकाईने वाचलेले असतात आणि त्यांचे गणितही बहुधा बरोबर असते. माझा आक्षेप त्यांच्या गणितावर नाही, त्या गणिताने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते यावर आहे. एका फेरीतली इजा हे बळाचे एक साधन आहे. तिलाच बळ समजल्यामुळे हातघाईच्या लढाईचा अर्थच हरवतो. हातघाईतले बळ म्हणजे शत्रूला हवे ते करू न देण्याची, त्याला हव्या त्या माणसापर्यंत पोहोचू न देण्याची आणि हे काम दिवसाच्या शेवटच्या लढाईपर्यंत निभावण्याची ताकद. मराठीत यासाठी तयार शब्दप्रयोग आहे: खिंड लढवणे. कोणता क्लास किती मारतो यापेक्षा कोणता क्लास खिंड लढवतो, हा खरा प्रश्न आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचे नियम घेऊ, कारण हा वाद बराचसा त्यांच्यावरच चालत आला आहे. फायटर, पॅलाडिन आणि बार्बेरियन असे तिघे घेऊ: तिघेही पाचव्या लेव्हलचे, तिघांचे बळ १८, हातात दोन हातांनी धरायची मोठी तलवार, आणि समोरच्या शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागण्यासाठी गाठायचा आकडा, १५. पात्राचा बोनस धरता वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त पडले की वार लागतो, म्हणजे शक्यता ६५ टक्के. मोठ्या शस्त्राची लढाऊ शैली घेतलेला फायटर दोन वारांत फेरीला सरासरी १६.९ इजा करतो. पॅलाडिनचा पायाही तेवढाच, पण लागलेल्या वारावर तो मंत्रशक्ती ओतून दैवी प्रहार करू शकतो: पहिल्या पातळीचा एक स्लॉट खर्चून आठ बाजूंचे दोन फासे, दुसऱ्या पातळीचा खर्चून तीन. बार्बेरियन रेजमध्ये, म्हणजे रणावेशात, असला आणि दोन फासे टाकून मोठा घेणारा बेफिकीर वार करत असला तर लागण्याची शक्यता ६५ वरून जवळजवळ ८८ टक्क्यांवर जाते, प्रत्येक वारावर २ इजा वाढते आणि फेरीची सरासरी २४.२ होते. तीन फेऱ्यांची एक लढाई धरली आणि प्रत्येकाने आपला साठा मोकळ्या हाताने वापरला, तर पॅलाडिनची एकूण इजा सुमारे ९५, बार्बेरियनची ७३ आणि एका फेरीत दुप्पट वार देणारा ॲक्शन सर्ज वापरूनही फायटरची ६७. पॅलाडिन फायटरच्या सुमारे ४० टक्के पुढे. एवढ्यावर निकाल लिहिला जातो: पॅलाडिन श्रेष्ठ, फायटर सामान्य.

आता याच तिघांना, त्याच तलवारीनिशी, एका लढाईऐवजी पूर्ण दिवस चालवून पाहू. २०१४ च्या डंजन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, मार्गदर्शक ग्रंथातच लिहिले आहे की साधारण परिस्थितीत एक गट दिवसाला मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी पेलू शकतो आणि त्या दिवसात त्याला दोनदा छोटी विश्रांती लागते. सहा लढाया, प्रत्येकी तीन फेऱ्या, म्हणजे अठरा फेऱ्या. फायटरचा ॲक्शन सर्ज प्रत्येक छोट्या विश्रांतीनंतर परत मिळतो, म्हणून दिवसात तीनदा. त्याची एकूण इजा सुमारे ३५४. पॅलाडिनकडे पाचव्या लेव्हलला पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट असतात. सगळे प्रहारांवर उधळले तरी दिवसभरात ६३ इजेची भर पडते आणि बेरीज होते सुमारे ३६७. बार्बेरियनला दिवसात तीनदा रेजमध्ये जाता येते. तीन लढाया त्या आवेशात आणि उरलेल्या तीन सावधपणे लढल्या तर तो ३५३ वर थांबतो. ४० टक्क्यांचे अंतर ४ टक्क्यांच्या आत आले. नियम तेच, पात्रे तीच, तलवारही तीच. बदलली ती फक्त दिवसाची लांबी. दिवस किती लांब धरला यावर ज्याचे उत्तर पूर्णपणे अवलंबून आहे, तो आकडा क्लासचा गुण सांगतो असे कसे म्हणायचे? तो हिशेब मांडणाऱ्याने न सांगता गृहीत धरलेली अट सांगतो. शिवाय पॅलाडिनने सगळे स्लॉट प्रहारांवर खर्चले असे धरणे म्हणजे त्याने त्या दिवशी त्याच स्लॉटांतून एकही जखम बरी केली नाही आणि एकही आशीर्वाद दिला नाही असे धरणे. ही किंमत त्या तक्त्यात कुठेच लिहिलेली नसते.

दुसरी न सांगितलेली अट म्हणजे समोर कोण आहे. या खेळात हिट पॉइंट ही गोष्ट दोनच अवस्था जाणते: शून्याच्या वर आणि शून्यावर. एक हिट पॉइंट उरलेला राक्षस पूर्ण बळाने गदा फिरवतो. म्हणून शून्यापर्यंत नेणारी इजा कामाची, आणि त्यापलीकडची वाया. साधा गोब्लिन घ्या: आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ७. मोठ्या तलवारीचा एक साधा वार सरासरी ११ इजा करतो, म्हणजे लागलेला जवळजवळ प्रत्येक वार एक गोब्लिन पाडतो. इथे रेजच्या दोन जादा गुणांना काही अर्थ उरत नाही आणि दैवी प्रहार तर निव्वळ उधळपट्टी ठरतो. इथे मोजायचे ते किती वार लागले. तीन फेऱ्यांत एक ॲक्शन सर्ज धरून फायटरचे आठ वार होतात आणि ५.२ गोब्लिन पडतात. बेफिकीर लढणारा बार्बेरियन सहा वारांत ५.३ पाडतो, पॅलाडिन सहा वारांत ३.९. एका बलाढ्य शत्रूसमोर जो सर्वांच्या पुढे होता तोच झुंडीसमोर सर्वांत मागे गेला, आणि मागचा मानलेला फायटर पहिल्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. ही ओळख नवी नाही. १९७८ च्या प्रगत डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाडू ग्रंथात फायटरला एक खास हक्क होता: एका पूर्ण हिट डायपेक्षा (हिट पॉइंट ठरवणाऱ्या फाशापेक्षा) दुबळ्या प्राण्यांविरुद्ध त्याला फेरीत आपल्या लेव्हलइतके वार मिळत. झुंडीसमोर उभे राहणे हे फायटरचे काम आहे, असे तो नियम उघड सांगत होता.

तिसरा दोष सर्वांत मोठा आहे. इजेचा रकाना फक्त केलेले मोजतो. सोसलेले आणि रोखलेले मोजत नाही. बार्बेरियनचे खरे बळ त्याच्या २४.२ या आकड्यात नाहीच. समजा शत्रूचा वार +६ चा आहे. स्प्लिंट चिलखतातल्या, १७ आर्मर क्लासच्या फायटरला त्याचा निम्मा मारा लागतो. बार्बेरियनचा आर्मर क्लास १६ धरला, तर बेफिकीर लढताना शत्रूलाही तोच दोन फाशांचा फायदा मिळून सुमारे ८० टक्के वार लागतात; पण रेजमध्ये शस्त्रांची इजा निम्मी होते, म्हणून परिणामी ओझे ४० टक्केच. जास्त वार अंगावर घेऊनही तो फायटरपेक्षा कमी झिजतो. त्याच बार्बेरियनने रेज संपल्यावर बेफिकीरपणा चालू ठेवला तर पूर्ण ८० टक्के इजा त्याच्या अंगावर येते, आणि इजेच्या तक्त्यात मात्र तो तेव्हाही उत्तम दिसतो. मंकचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पाचव्या लेव्हलचा मंक काठीने आणि मुठीने फेरीला सुमारे साडेसोळा इजा करतो, फायटरच्या आसपास. पण लागलेल्या वाराबरोबर एक ‘की’ पॉइंट (अंतःशक्तीचा गुण) खर्चून तो शत्रूला सुन्न करू शकतो. शत्रूची सहनशक्तीची चाचणी फसली तर त्याची पूर्ण पाळी गेली, आणि त्याच्यावर वार करणाऱ्या प्रत्येक सोबत्याची शक्यता ६५ वरून ८८ टक्क्यांकडे गेली. ही वाढीव इजा तक्त्यात सोबत्यांच्या नावावर जमा होते आणि शत्रूची हुकलेली पाळी तर कोणाच्याच नावावर जमा होत नाही. ज्या मोजपट्टीत लढाई फिरवणारी गोष्ट शून्य धरली जाते, ती मोजपट्टी लढाईची नाही.

या खेळाच्या जन्मकथेकडे पाहिले तर इजेला बळ मानणे किती उशिराची सवय आहे ते कळते. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या चेनमेल या छोट्या सैनिकांच्या युद्धखेळात कल्पनारम्य पुरवणी होती, आणि तिच्यात वीराची व्याख्या माणसांच्या संख्येने केली होती: हीरो चार माणसांइतका लढतो आणि त्याला पाडायला एकाच वेळी चार माणसे मारण्याइतके यश लागते; सुपरहीरो आठांइतका. मारणे आणि टिकणे या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात बांधलेल्या होत्या, आणि तो आकडा पटावर किती माणसांची जागा भरून निघते हे सांगत होता. १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केले तेव्हा तीन क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. त्या मूळ नियमांत खंजीर असो की दोन हाती तलवार, इजा साधारणपणे सहा बाजूंच्या एकाच फाशाची. शस्त्रागणिक वेगळा फासा १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. याचा अर्थ स्पष्ट आहे. मूळ खेळात लढवय्याचा वार जादूगाराच्या वारापेक्षा जड नव्हता. तरीही हातघाईत तो श्रेष्ठ होता, कारण त्याचा नेम लेव्हलसोबत अधिक वेगाने सुधारत होता, त्याला अधिक हिट डाय मिळत होते आणि सर्व चिलखते व जादूची शस्त्रे वापरण्याची मुभा त्याला होती. लढवय्या घडवणाऱ्यांनी त्याचे बळ इजेच्या रकान्यात ठेवलेच नव्हते.

याउलट मोठी इजा हाती असूनही क्लास दुबळा राहू शकतो, याचा पुरावा २००३ च्या साडेतिसऱ्या आवृत्तीत आहे. त्या आवृत्तीत दोन हाती शस्त्र, पॉवर अटॅक आणि धाव घेऊन केलेला हल्ला यांची सांगड घालून फायटर एका वारात थक्क करणारी इजा करू शकत होता. पण तो जिथे उभा आहे तिथून कुणाला जाऊ न देणे त्याला जमत नव्हते. टम्बल हे कौशल्य असलेल्या शत्रूला अर्ध्या वेगाने त्याच्या टप्प्यातून सुरक्षित निसटायला १५ हा ठराविक आकडा गाठणे पुरे होते. पहिल्या लेव्हलचा फायटर असो की विसाव्या, आकडा १५ च; उभ्या आयुष्याचा सराव त्या आकड्यात एकानेही भर घालत नव्हता. त्याच वेळी सातव्या लेव्हलचा क्लेरिक डिव्हाइन पॉवर हा मंत्र म्हणून लेव्हलइतका पूर्ण हल्ला-बोनस मिळवत होता आणि वर त्याचे बळ ६ ने वाढत होते. ड्रुइड पाचव्या लेव्हलपासून पशुरूप घेत होता आणि त्याचा पाळीव पशू शेजारी लढत होता. म्हणून त्या आवृत्तीतला फायटर मागे होता, हे मी निःशंक मान्य करतो. माझी मोजपट्टी फायटरचे लाड करण्यासाठी नाही. जिथे तो खिंड लढवू शकत नव्हता तिथे ती त्याला दुबळाच ठरवते, त्याच्या एका वाराची इजा कितीही डोळे दिपवणारी असो. आणि हे निदान इजेच्या तक्त्याला करता येत नाही. कारण त्या तक्त्यात तोच फायटर दिमाखात उभा दिसतो.

आता मंडन. हातघाईतले बळ तीन कसोट्यांवर तपासावे. पहिली, टिकणे: शत्रूचा मारा अंगावर घेऊन तो किती फेऱ्या उभा राहतो. दुसरी, अडवणे: त्याला वळसा घालून पुढे जायचे तर शत्रूला काय किंमत मोजावी लागते. तिसरी, सातत्य: सहाव्या लढाईत त्यातले किती उरते. इजा या तिन्हींच्या बाहेर नाही. ती दुसऱ्या कसोटीच्या पोटात आहे. वळसा घालणाऱ्याला किंमत मोजायला लावायची तर वारात दम हवाच. ज्याच्या वाराने ओरखडाही उठत नाही त्याला कोणी वळसा घालत नाही, सरळ ओलांडून जाते. इजा ही अडवण्याची किंमत आहे, एवढ्यासाठीच ती मोलाची. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने हा फरक नियमांतच लिहून काढला होता. त्यात क्लासांच्या चार भूमिका होत्या. भरपूर इजा करणे हे स्ट्रायकरचे काम आणि ते रोग, रेंजर, वॉरलॉक यांच्याकडे होते. फायटर आणि पॅलाडिन होते डिफेंडर. फायटर ज्याच्यावर वार करी त्याला खूण करी. खूण झालेल्याने फायटरला सोडून दुसऱ्यावर हल्ला केला तर त्याला २ चा तोटा होई, आणि शेजारीच असेल तर फायटरचा एक जादा वारही बसे. निसटू पाहणाऱ्याला संधीचा वार लागला तर त्याचे पाऊल तिथेच थांबे. चौथ्या आवृत्तीविषयी कोणाचे काहीही मत असो, हातघाईचे बळ आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिने जितके स्वच्छ सांगितले तितके इतर कोणत्या आवृत्तीने सांगितले नाही.

याच तीन कसोट्या २०१४ च्या नियमांना लावल्या की चित्र बदलते. टिकण्यात शस्त्रांसमोर बार्बेरियन अव्वल आहे. पण तो रेजपुरता, आणि शस्त्रांच्या इजेपुरता. ड्रॅगनच्या आगीसमोर सर्वसाधारण बार्बेरियनचा आवेश त्याला वाचवत नाही. पॅलाडिन सहाव्या लेव्हलपासून दहा फुटांतल्या सर्व मित्रांच्या बचाव-चाचण्यांना आपल्या करिश्म्याची जोड देतो. भय, मोहिनी, विष, आग या साऱ्यांविरुद्ध गटाची फळी फुटू न देणे हे त्याचे सर्वांत मोठे देणे, आणि इजेच्या तक्त्यात ते शून्य मोजले जाते. ज्या प्रहारासाठी पॅलाडिनची वाहवा होते, त्यापेक्षा त्याची ही सावली कितीतरी मोलाची आहे. फायटरचे बळ तिसऱ्या कसोटीत उजळते. सेकंड विंड पाचव्या लेव्हलला सरासरी साडेदहा हिट पॉइंट परत देतो, तेही प्रत्येक छोट्या विश्रांतीनंतर. ॲक्शन सर्जही तसाच परततो. तो बॅटल मास्टर या उपप्रकाराचा असेल तर त्याचे डावपेचांचे फासेही परततात, आणि त्या डावपेचांत शत्रूला पाडणे, घाबरवणे, त्याला इतरांवर वार करताना अडचणीत आणणे हे सारे अडवण्याचेच प्रकार आहेत. सेंटिनल हे फीट, म्हणजे निवडीने घ्यायचे खास कसब, घेतले तर संधीचा वार लागलेल्या शत्रूचा वेग शून्यावर येतो आणि काळजीपूर्वक माघार घेणाऱ्यालाही तो वार चुकवता येत नाही. अकराव्या लेव्हलला तिसरा वार मिळतो, विसाव्याला चौथा, आणि त्यांच्यासाठी काहीही खर्चावे लागत नाही. असा फायटर दिवसाच्या शेवटी सकाळी होता तसाच उभा असतो. त्याला सामान्य म्हणणे हा अन्याय आहे.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: मेलेला शत्रू हाच सर्वांत पक्का अडवलेला शत्रू, म्हणून जो लवकर मारतो तोच उत्तम अडवतो. या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याची मर्यादाही त्याच तथ्यात आहे. मारून अडवणे तेव्हाच घडते जेव्हा इजा शत्रूला त्याची पुढची पाळी येण्याआधी शून्यावर नेते. १०५ हिट पॉइंटांच्या हिल जायंटला पाचव्या लेव्हलचा कोणताही क्लास साधारणपणे एकट्याने एका फेरीत पाडत नाही. तो पडेपर्यंतच्या प्रत्येक फेरीत त्याची गदा दोनदा फिरते आणि प्रत्येक वार सरासरी १८ इजा करतो. त्या मधल्या फेऱ्यांत ती गदा कोणावर पडते, हाच प्रश्न जीवनमरणाचा असतो; आणि इजेचा तक्ता नेमका त्याच फेऱ्यांविषयी मुका असतो. लवकर मारणे हे अडवण्याचे एक साधन आहे हे मी मानतो. तेच एकमेव साधन आहे हे मानत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. पुस्तकात सहा ते आठ चकमकी लिहिल्या असल्या तरी अनेक टेबलांवर दिवसाला एक किंवा दोनच मोठ्या लढाया होतात, मग दिवसभराच्या सातत्याचे कौतुक कशाला? अशा टेबलांवर पॅलाडिन पुढे राहील, हे मघाच्या ९५ आणि ६७ या आकड्यांनीच सांगितले आहे आणि ते मी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच की तेव्हा निकालासोबत ती अटही उच्चारावी. एका लढाईनंतर सर्वांना पूर्ण विश्रांती मिळणार असेल, तर साठा जपण्याची शिस्त हा गुणच खेळातून काढून टाकला जातो, आणि ज्याच्या बळाचा मोठा भाग त्या शिस्तीत आहे तो क्लास दुबळा भासतो. हा दोष क्लासचा नाही. धावण्याच्या शर्यतीची लांबी कमी करून दमदार धावपटूला मंद ठरवण्यासारखे ते आहे.

तिसरा आक्षेप जादूचा: विझार्डने एक जाळे टाकले की दहा शत्रू एका वेळी अडकतात, मग खिंड लढवण्यात तलवारवाल्याचे काय उरले? उरते ते हे की पाचव्या आवृत्तीत असे बहुतेक मंत्र एकाग्रतेवर टिकतात. मंत्र धरून ठेवणाऱ्याला इजा झाली की त्याला सहनशक्तीची चाचणी द्यावी लागते आणि तिचा आकडा १० किंवा झालेल्या इजेच्या निम्मा, यांतला जो मोठा तो असतो. विझार्डपर्यंत शत्रू पोहोचला की जाळे धोक्यात येते. म्हणजे मंत्राचे आयुष्य पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर उभे आहे. जादूगाराचे सामर्थ्य हातघाईच्या बळाला निरर्थक करत नाही. उलट ते बळ नेमके कशासाठी हवे ते दाखवते. जादूगार एकूण खेळात अधिक समर्थ असेल, तो वेगळा वाद आहे. हातघाईच्या वादात त्याचे स्थान फायटरच्या पाठीमागे आहे.

चौथा आक्षेप वरवर शरणागतीसारखा आहे: शत्रू कोणावर जाणार हे शेवटी डंजन मास्टर ठरवतो, म्हणून अडवण्याचे मोजमाप होऊच शकत नाही. मी उलट म्हणेन. डंजन मास्टर चांगला असेल तर तो शत्रूला अक्कल देतो, आणि अक्कल असलेला शत्रू किंमत पाहून पाऊल टाकतो. ती किंमत नियमांत लिहिलेली आहे आणि मोजता येते. संधीचा एक वार, शून्यावर आलेला वेग, इतरांवर हल्ला करताना होणारा तोटा, हुकलेली पाळी: प्रत्येकीची शक्यता त्याच वीस बाजूंच्या फाशावर काढता येते. आणि हिशेब प्रामाणिक ठेवायचा तर हेही लिहावे लागेल की २०१४ च्या नियमांत कोणतेही फीट किंवा डावपेच न घेतलेल्या फायटरला शत्रू संधीचा एकच वार सोसून ओलांडू शकतो. तिथे तो माझ्याच कसोटीवर कमी पडतो. मोजमाप अवघड आहे म्हणून सोपी पण चुकीची गोष्ट मोजत राहणे हे काही मोजमापावरचे प्रेम नव्हे.

नियमांचा अलीकडचा प्रवाहही याच दिशेने वाहतो आहे. २०२४ च्या सुधारित खेळाडू ग्रंथात दैवी प्रहार एका पाळीत एकदाच करता येतो. पाच गुणांचा नेम सोडून दहा गुणांची इजा घेण्याची ग्रेट वेपन मास्टरची प्रसिद्ध सवलत गेली. आणि शस्त्रधारी क्लासांना शस्त्र-प्रभुत्व मिळाले, ज्यात शत्रूला आडवे पाडणे, मागे ढकलणे, त्याचा वेग कमी करणे, त्याचा पुढचा वार अडचणीत आणणे असे परिणाम नुसत्या वाराबरोबर येतात. इजेचा उंच सुळका खाली आला आणि अडवण्याची साधने रोजच्या हातात आली. म्हणून पुढच्या वेळी कोणी दोन क्लासांचे आकडे शेजारी मांडले, तर त्यात एक साधी परीक्षा जोडावी. लढाई रंगात असताना त्या वीराची सोंगटी पटावरून उचलून बाजूला ठेवावी आणि पाहावे की पुढच्या फेरीत शत्रू कोणापर्यंत पोहोचतो, कोणाचा मंत्र तुटतो, कोणाची पाठ उघडी पडते. त्या रिकाम्या चौकोनातून जेवढी पडझड आत येईल, तेवढे त्या वीराचे बळ. १९७१ साली हीरोला चार माणसांइतका म्हटले होते, त्याचा अर्थ हाच होता: तो एकटा उभा राहिला की चार माणसांची वाट बंद होते.